बारक्या बॅचची वही

आधीच सांगतो, ही ट्रॉफी जिंकल्याची गोष्ट नाही. आमच्या तालमीची बारक्या पोरांची फुटबॉल बॅच मे २०२३ मध्ये ४१ पोरांनी सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत १३ वर आली. का आली, त्यावर कट्ट्यावर कोण काय म्हणालं, वहीत काय निघालं आणि मग आम्ही काय केलं एवढंच लिहितोय. तालमीचं नाव टाकत नाही, कोल्हापुरातल्या माणसाला दोन ओळीत ओळखू येईल आणि मग मुद्दा राहील बाजूला, पेठेपेठेतलं भांडण सुरू होईल.

बाहेरच्यांसाठी थोडं. आमच्याकडं फुटबॉल क्लब असा वेगळा नसतो, तालीम असते. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीचं वेड लागलं, १९१२ ला खासबाग मैदान झालं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या आणि पुढं त्याच तालमींनी लाल मातीशेजारी फुटबॉल ठेवला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग शाहू स्टेडियमवर सुरू झाली की भर उन्हात गॅलरी भरते, हलगी घुमते, आणि ज्याला ऑफसाईड म्हणजे काय ते धड सांगता येत नाही तो माणूससुद्धा रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घरी जातो. वर्ल्डकप आला की गल्लीच्या तोंडाला मेस्सी नाहीतर नेमारचा डिजिटल फलक लागतो, खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा फोटो.

पण हे सगळं सीनियर टीमसाठी. वर्गणी, किट, बाहेरून आणलेले खेळाडू, कधी नायजेरियाचा एखादा तगडा गडी, त्याची खोली, त्याचं जेवण, सगळा पैसा तिकडं. बारक्या पोरांच्या बॅचला तालमीच्या खात्यात रकानाच नाही. आमच्याकडं होते सहा बॉल, त्यातले दोन टाके उसवलेले, आणि सहाच्या सहा ५ नंबरचे. बारक्या पोराला खरं तर ४ नंबरचा बॉल द्यायचा, त्याचं वजन साधारण ३५० ते ३९० ग्रॅम, ५ नंबर म्हणजे ४१० ते ४५०. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण पावसात भिजलेला ५ नंबर एकदा बारक्या पोराला हेडरला द्या, पुढच्या वेळी तो डोळे मिटूनच उडी मारतो का नाही बघा.

मी स्वतः कोच वगैरे काही नाही. गोकुळ शिरगावला फाउंड्रीत काम करतो, सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी म्हणून आबांच्या हाताखाली उभा राहायला लागलो. आबा म्हणजे आमच्या बॅचचे वस्ताद. सत्तरीचे, एके काळचे सेंटर हाफ, एका गुडघ्यात काय राहिलेलं नाही पण आवाज अजून असा की गांधी मैदानाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचा चहावाला गाळणी खाली ठेवतो. माझं काम काय, तर विटा लावायच्या, कारण खुणेचे प्लास्टिकचे कोन नव्हते, आणि हजेरी घ्यायची. हजेरीची वही मीच घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. फाउंड्रीतली सवय, तिथं प्रत्येक हीटची, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या एकेका खेपेची, नोंद ठेवावी लागते, कास्टिंग रिजेक्ट झालं की मागं जाऊन बघायला. त्यामुळं हजेरीसोबत मी मॅचला कोण किती मिनिटं खेळला तेही लिहून ठेवायचो. का लिहितोय ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

२०२३ च्या मे मध्ये एकदम ४१ पोरं आली त्याला कारण होतं. डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकली, त्या रात्री कोल्हापूर झोपलंच नाही, आणि उन्हाळी सुट्टी लागल्यावर घराघरातनं दहा नंबरची जर्सी घातलेली पोरं आमच्याकडं लोटली. पहाटे पावणेसहाला. काहींचे बाप गाडीवर सोडायला, काहींची आजी डब्यात केळी घेऊन कट्ट्यावर बसलेली. पहिला आठवडा तर जत्राच. एक पोरगं दोन्ही पायात डावे बूट घालून आलेलं, घरी भावाची न् त्याची जोडी अदलाबदल झालेली, आणि तसंच दीड तास पळालं, सांगितलंच नाही कुणाला.

आबांनी दोन आठवड्यांत टीम काढली. १६ जणांची. आबांची पद्धत साधी, पोरांना ओळीत उभं करायचं, पळवायचं, खांद्याला खांदा लावून बॉल घ्यायला लावायचं, जो उभा राहील तो टीममध्ये. उरलेले २५ कडेला. कडेला म्हणजे वॉर्मअप सगळ्यांसोबत, मग टीमची मॅच सुरू झाली की गोलच्या मागं उभं राहून बाहेर गेलेले बॉल आणायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. आबांना यात काही वावगं वाटत नव्हतं, तेही असेच शिकलेले. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटत नव्हतं.

जूनला पाऊस लागला आणि गांधी मैदानाचं तळं झालं. जुनी माणसं सांगतात की इथं पूर्वी खरंच तळं होतं, वरुणतीर्थ, म्हणून पाणी आपल्या जुन्या घरी येतं. मग पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली का, ४३ झाली का हेच पोरांच्या तोंडी, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे इथं पाढ्यासारखं पाठ असतं. प्रॅक्टिस एका शाळेच्या पटांगणात, फरशीवर, आठवड्यातनं दोनदा. तेव्हा गळती लागली. जुलैअखेर ३० आली, गणपतीत २२, आणि नोव्हेंबरच्या दिवाळीनंतर वहीत सलग हजेरी असलेली नावं मोजली तर १३.

कट्ट्यावर निदान लगेच झालं. मोबाईल. दुसरं निदान ट्यूशन. तिसरं, क्रिकेटचा वर्ल्डकप, जो त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरला भारतात सुरू होता आणि म्हणे पोरांनी बॉल टाकून बॅट उचलली. आबांचं चौथं, 'आताच्या पोरांत दम न्हाई रं, आमी अनवाणी खेळलोय.' सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा सांगितला, विषय संपला.

माझ्या डोक्यातनं मात्र जाईना, कारण मोबाईल तर १३ जणांकडं पण होता की. आणि ट्यूशन तर जे टिकले त्यांनाच जास्त होती, दोघं तर आठवीत स्कॉलरशिपला बसणारे. मग एका रविवारी बायको माहेरी गेलेली, मी वही घेऊन बसलो आणि शेजारी पोरांची आधारची झेरॉक्स ठेवली, जी आम्ही मे मध्येच घेतलेली. सोडून गेलेली २८ पोरं, त्यातली टीममधली फक्त पाच. उरलेली २३ कडेची. म्हणजे टीममधल्या १६ पैकी ११ टिकली, कडेच्या २५ पैकी दोन. मे ते नोव्हेंबर आम्ही नऊ मॅच खेळलो, त्या नऊ मॅचमध्ये कडेच्या १७ पोरांच्या नावापुढं एकही मिनिट नव्हतं. एकही. नऊ वेळा पोरगं पहाटे उठून, बूट घालून, बाटल्या भरून घरी गेलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसतं 'सगळ्यांना खेळवा' एवढंच निघालं असतं, पण जन्मतारखा समोर होत्या म्हणून त्याही लिहिल्या. पोरं होती २००९ आणि २०१० ची. २००९ च्या पहिल्या सहा महिन्यांत जन्मलेली १६, त्यातली ११ टीममध्ये. २००९ च्या दुसऱ्या सहामाहीतली १०, त्यातली चार टीममध्ये. २०१० ची पंधरा, टीममध्ये एक. आबांना वाटत होतं आपण दम बघून पोरं निवडली. आपण वाढदिवस बघून निवडली होती, फक्त ते आपल्याला माहीत नव्हतं.

मी ही वही आमच्या एका दोस्ताला दाखवली, तो एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स केलेला, एका शाळेत पीटी शिकवतो. तो हसला आणि म्हणाला, अरे हे जगात सगळीकडं आहे. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली की जानेवारीचं पोरगं डिसेंबरच्या पोरापेक्षा अकरा महिने थोरलं, आणि त्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि पाच-सात किलो. कोच त्यालाच गुण समजतो, त्याला जास्त खेळवतो, खेळून खेळून तो खरंच चांगला होतो, मग कोच म्हणतो बघा माझी पारख. कॅनडात आईस हॉकीच्या पोरांवर १९८० च्या दशकातच हे मोजलं गेलंय. इंग्लंडच्या अकॅडम्या तर कधीकधी वय बाजूला ठेवून अंगाच्या वाढीप्रमाणं गट पाडून मॅच खेळवतात. आपल्याकडं त्यात आणखी एक गोष्ट, तो म्हणाला, वय चोरायचं. वरच्या पातळीवर मनगटाचा एक्सरे नाहीतर एमआरआय काढून हाडाचं वय बघतात, पण गल्लीच्या स्पर्धेत कोण काढतोय.

इथं मला माझं सांगायला पाहिजे, नाहीतर मी लई तटस्थ बिटस्थ होतो असं वाटेल. मी डिसेंबर १९८६ चा. बारा-तेरा वर्षांचा असताना याच तालमीच्या टीमला एक्स्ट्रा होतो, तीन सीझन. लिंबाच्या फोडी करायच्या, ग्लुकोजचा डबा सांभाळायचा, कुणाला क्रॅम्प आला की स्प्रे घेऊन पळायचं. शाहू स्टेडियमवर आयुष्यात एकदाच उतरलो, चार मिनिटं, आपण तीन गोलनं पुढं होतो म्हणून. बॉल एकदा पायाला लागला, तोही आऊट गेला. पण त्या चार मिनिटांत गवत कसं दिसलं, गॅलरी आतनं केवढी उंच वाटते, घशाला कशी कोरड पडली, हे मला अजून लख्ख आठवतं, बारावीचं मार्कशीट आठवत नाही. चौथ्या सीझनला मी गेलोच नाही. घरी सांगितलं अभ्यास आहे. बापानं तालमीत तेच सांगितलं असणार, आणि कट्ट्यावर तेव्हा मोबाईल नव्हता म्हणून टीव्हीच्या नावानं बोटं मोडली असणार.

तर वही आबांना दाखवायची का नाही या विचारात मी डिसेंबर घालवला. शेवटी आबांनीच मला बोलावलं, दुसऱ्याच कामाला. फेब्रुवारी २०२४ ला तालमींच्या बारक्या पोरांची स्पर्धा होती, १४ वर्षांखालील, अट अशी की जन्म १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा पाहिजे. आबा म्हणाले, यादी कर. मी यादी केली. यादीत दोन नावं.

वर्ष बदललं होतं ना. आमची सगळी दमदार पोरं २००९ ची, ती १ जानेवारीला एका रात्रीत गटाच्या बाहेर. आणि जी २०१० ची आता थोरली ठरणार होती, ज्यांचा हा सीझन होता, त्यांना आम्ही सहा महिने बाटल्या भरायला लावून हाकलून दिलेलं. टिकलेल्या १३ मध्ये २०१० ची दोनच. आबांनी कागद उलटा करून मागं बघितलं, मागं काहीतरी असेल म्हणून.

कमिटीतला एकजण तिथंच बसलेला. तो म्हणाला, आबा कशाला टेन्शन घेताय, दोन-चार आधार फिरवून आणतो, आपल्या सेंटरवाल्याला सांगितलं की झालं, वर्षभराचा तर प्रश्न आहे, समोरचे करत नाहीत काय. मला वाटलं आबा हो म्हणतील. जिंकायचं म्हटलं की आबांना दुसरं काही दिसत नाही हे मी तीस वर्षं बघतोय. आबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, 'वजन चोरून कुस्ती धरत्यात व्हय रं तालमीत?' आणि त्या माणसाला चहाचे पैसे द्यायला लावले.

मग मी वही काढली. आबांनी ती मान खाली घालून बघितली, बराच वेळ, बोट लावत लावत. काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ह्यांची घरं म्हाईत हायत का तुला?

२०१० ची सोडून गेलेली पोरं तेरा. आबा मागं बसलेले, मी गाडी चालवतोय, असं आम्ही चार संध्याकाळी तेरा घरं केली. ते सगळंच लिहायला बसलो तर वेगळी वही लागेल. एका घरी पोरगं आतल्या खोलीतनं बाहेरच आलं नाही. एका घरी बाप म्हणाला, तुम्ही टीममध्ये घेत नाही म्हटल्यावर त्याला महिन्याला पैसे भरून टर्फवर घातलाय, तिथं निदान रोज बॉल पायाला लागतो, आणि मला त्याचं म्हणणं खोडता येईना. एका घरी आजी, तीच केळ्याच्या डब्याची, तिनं आबांना बसवलं, दूध दिलं आणि मग शांतपणे अशी सुनावली की आबांचा कप हातातच राहिला. 'आमचं पोरगं रातीला बूट पुसून उशाला ठेवायचं, तुमच्या ध्यानात तरी हाय का त्याचं नाव?' आबांना नव्हतं. मला होतं, पण वहीमुळं.

शिवाजी पेठेतनं खाली येताना एका भाड्याच्या खोलीत एक पोरगं भेटलं, बारकं, काटकुळं, आई धुणंभांडी करणारी. आबांनी विचारलं, येतोस का परत. पोरगं आईकडं बघून मग आबांकडं बघून म्हणालं, 'आबा, खेळायला बोलवालय का पाणी द्यायला?' खोचक नव्हतं ते, खरंच विचारत होतं, त्याप्रमाणं बूट आणायचे का चप्पल एवढाच त्याचा प्रश्न. परतीच्या वाटेवर आबा गंगावेशला उतरले, म्हणाले चालत जातो, तू हो पुढं. त्यांच्या गुडघ्यानं तिथनं घर म्हणजे अर्धा तास.

तेरातली सात परत आली. दोन होती, झाली नऊ. पाच पोरं २०११ ची गोळा केली आणि चौदा जणांची टीम उतरवली. पहिल्या मॅचला सहा गोल खाल्ले, शून्यावर. समोरच्या टीममध्ये एकाला मिसरूड फुटलेली, तो आमच्या पोराला कडेला करून जायचा तेव्हा दार ढकलल्यासारखं वाटायचं. प्रोटेस्ट टाका म्हणून लोक मागं लागले, आबांनी नाही टाकला. दुसरी मॅच दोन-एकनं हरलो, आपला पहिला गोल त्यात झाला, झाला म्हणजे त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला, पण आमच्या पोरांनी तो अर्धं मैदान पळून साजरा केला. तिसरी शून्य-शून्य. घरी. कट्ट्यावर आठ दिवस आमची चेष्टा, 'वस्ताद, बालवाडी काढलीय म्हणं.' चौदाच्या चौदा पोरं प्रत्येक मॅचला खेळली होती, हे मी वहीत लिहिलं, कट्ट्यावर नाही सांगितलं. सांगून उपयोग नव्हता.

त्या मे पासून पद्धत बदलली. बॅचचे दोन संघ पाडायचे, वयानं नाही, टीम-एक्स्ट्रा असंही नाही, तर अंगानं. थोराड एका संघात, बारकी दुसऱ्यात, आणि दर दोन महिन्यांनी परत उंची बघायची, तालमीच्या भिंतीवर खडूनं. संघांना नावं काय द्यायची यावर पोरांनीच तोडगा काढला, तांबडा आणि पांढरा. कोल्हापुरात दुसरं काय निघणार. नियम एकच, मॅचला आलेलं प्रत्येक पोरगं निम्मा वेळ तरी आत. बॉल बाहेर गेला की ज्याच्या पायाला शेवटचा लागला त्यानंच आणायचा. पाणी मी भरणार. पांढऱ्या संघासाठी ४ नंबरचे तीन बॉल घेतले, तेही आबांनी सीनियर टीमच्या एका जुन्या खेळाडूकडनं वसूल केले, कसे ते विचारू नका.

सगळं छान झालं असं अजिबात नाही. पांढऱ्यात एकमेकांच्या अंगाची पोरं असल्यानं तिथं पासिंग दिसायला लागलं, ढकलून बॉल मिळत नाही म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं, हे बघायला लई मजा यायची. पण तांबड्यातल्या दोन चांगल्या पोरांचे बाप तिसऱ्या महिन्यात आले, म्हणाले आमच्या पोराला पुढं न्यायचंय, निम्मा वेळ बाहेर बसवून कसं व्हायचं. अनिकेत जाधवचं उदाहरण दिलं. इथं प्रत्येक बाप देतो आणि द्यावंच, कोल्हापूरचं पोरगं २०१७ ला भारताकडनं सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळलं, दिल्लीत अमेरिकेविरुद्ध उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत दुकानं बंद होती. पण अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं राहणं, खाणं, कोचिंग सगळी सोय. आमच्याकडं विटा. मी हे सांगायचा प्रयत्न केला, ते दोघं पोरांना घेऊन गेलेच. आणि त्यांचं पूर्ण चुकलं असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. खरंच चांगलं असलेल्या पोराला निम्मा वेळ बाहेर ठेवणं हा पण एक अन्यायच आहे, फक्त तो आम्ही मुद्दाम पत्करला.

आबांचं आणि माझं पण वाजलं. आबांना पूर्ण पटलेलं नव्हतंच, अजून नाही. गणपतीनंतरच्या एका मॅचला दुसऱ्या हाफला आपण एक गोलनं मागं, आबांनी नियम मोडून पांढऱ्यातली तीन बारकी काढली आणि तांबड्यातली थोराड घातली. मॅच जिंकलो. मी वही आणि बाटल्यांचा क्रेट तिथंच ठेवून घरी गेलो, फोन बंद केला, बायको म्हणाली तुम्ही बारक्यापेक्षा बारके आहात. तिसऱ्या दिवशी आबांनी एका पोराजवळ वही घरी पाठवली. त्या मॅचचं पान आबांनी स्वतः भरलेलं, वाकड्यातिकड्या अक्षरात, कोण किती मिनिटं. तिघांपुढं १२, १२ आणि ९ लिहून शेजारी कंसात 'चूक आबाची'.

तेव्हापासून तडजोड अशी की पहिला हाफ माझा, दुसरा आबांचा, पण आबांच्या हाफला पण कुणी शून्यावर घरी जायचं नाही. मे २०२५ ला ३८ नावं लिहिली, दिवाळीला २६ होती. दोन वर्षांपूर्वीच्या मानानं बरंच, पण त्याचं सगळं श्रेय मी वहीला देणार नाही, त्या पावसाळ्यात एका ओळखीच्या टर्फवाल्यानं सकाळचा तास जवळपास फुकट दिला, तोही मोठा भाग असणार. जे बारा गेले त्यांच्यात या वेळी थोरले-बारके असा कल दिसला नाही. एकाच्या बापाची बदली झाली, दोघं कबड्डीला गेले, एकाला गुडघ्याखाली दुखायला लागलं. वाढीच्या वयात तिथं स्नायूची दोरी हाडाला जिथं जुळते तिथं सूज येते. डॉक्टरनं काही आठवडे पळणं बंद सांगितलं, घरच्यांनी कायमचंच बंद केलं. बाकीच्यांचं माहीत नाही, परत घरं करायची आहेत.

जर्सीचा प्रश्न तसाच आहे. एकच सेट, अठराचा, तो तांबडा घालतो. पांढरा संघ सीनियर टीमच्या जुन्या जर्सीत उतरतो, त्या पोरांच्या गुडघ्यापर्यंत येतात आणि पाठीवरचा आकडा शॉर्टमध्ये खोचला जातो, त्यामुळं रेफ्री नंबर विचारायचा तर पोरगं जर्सी वर ओढून दाखवतं. पाणी द्यायला येऊ का विचारणारा आता लेफ्ट बॅक खेळतो. फार ग्रेट नाही, पण चिकट आहे, सुटत नाही.

परवा वहीच्या नव्या पानावर रकाने आखत होतो, नाव, इयत्ता, जन्मतारीख, आबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले माझी पण लिही की. मी विचारलं काय. '१ जून.' मला हसू आलं, त्यांच्या वयाच्या निम्म्या लोकांची तारीख १ जूनच असते, शाळेत घालताना मास्तरनी टाकलेली. म्हटलं खरी सांगा. आबा म्हणाले, खरी कुणाला म्हाईत, आई म्हणायची नदीला पाणी आलेलं, जामदार क्लबपर्यंत पाणी होतं, तेव्हाचा तू. म्हणजे जुलै नाहीतर ऑगस्ट. वर्ष कुठलं ते पण पक्कं नाही.

थोडा वेळ मैदानाकडं बघत बसले, पांढऱ्याची प्रॅक्टिस सुरू होती. मग म्हणाले, 'मंजे मी थोरला म्हणून टीमात घेतलेलं का बारका असून घेतलेलं, हे काय आता कळायचं न्हाई न्हवं?'

मी रकान्यात नदीला पाणी असं लिहिलं.